ताईने कधी बरोबर म्हटलं नाही

रविवारी कारखाना बंद असतो, म्हणून किल्ल्या द्यायला रविवारच ठरला. समारंभ वगैरे काही नव्हता, घरच्या घरी जेवण. भुंगीने सकाळीच कामाची दोन लांब टेबलं एकमेकांना जोडली, भुसा झाडून काढला, वर धुतलेली चादर पसरली आणि पाच खुर्च्या मांडल्या. पाचही इथेच तयार झालेल्या, पण एकीसारखी दुसरी नाही. एक गिऱ्हाइकाने नाकारलेली, एकीचं पॉलिश बिघडलेलं, एक जरा डुलणारी.

"डुलणारी कुणाला?" आईने विचारलं.

"बाबांना. आजपासून रिटायर. डुलत बसू देत."

भुंगी लहानपणी हाती लागेल त्या फळीला भोकं पाडायची, म्हणून तिचं नाव भुंगी पडलं. आता ती चौतीस वर्षांची होती, आणि शाळांना बाकं आणि खुर्च्या पुरवणारा हा कारखाना तिच्या हाती येणार होता. त्या आनंदात तिला एकच गोष्ट टोचत होती. ज्याच्याशी ती दोन महिन्यांनी लग्न करणार होती, तो पहिल्यांदाच सगळ्यांबरोबर जेवायला येत होता, आणि ताईआत्याची गोष्ट तिने त्याला अजून सांगितली नव्हती.

तो सरकारी इस्पितळात नर्स होता. घरात त्याचं नाव 'नर्सबुवा' पडायला एक आठवडाही लागला नव्हता. बरोबर बाराला तो आला, सगळ्यांना नमस्कार केला, आणि कुणी न सांगता पाण्याचे पेले भरायला लागला. भुंगीच्या आईला तो आणखीच पसंत पडला.

"आमच्या घरातल्या पुरुषाने चाळीस वर्षांत पेला भरलेला नाही," ती म्हणाली.

"भरला नाही, पण बसायला खुर्च्या केल्या," भुंगीचे बाबा म्हणाले. ते एकसष्ट वर्षांचे होते आणि दारातून येताना मान वाकवावी लागेल एवढे उंच होते, पण थोरली बहीण त्यांना अजून बारक्याच म्हणायची. त्यामुळे कामगारही पाठीमागे तेच म्हणायचे.

ताईआत्या टेबलाच्या टोकाला बसली होती. पासष्टीची, बारीक चणीची, केस कापलेले. लग्न केलं नाही. खुर्च्यांना वेत विणण्याचं काम तिने आयुष्यभर केलं आणि अजूनही रोज चार तास करायची. ती पावाला लोणी लावत होती आणि अगदी खुशीत होती.

विषय निघाला तो इस्पितळावरून.

"या आठवड्यात काय विशेष?" बाबांनी विचारलं. होणाऱ्या जावयाशी काय बोलायचं हे त्यांना सुचत नसे, म्हणून ते दरवेळी हेच विचारायचे.

"दोन शेजारी आले होते," नर्सबुवा म्हणाला. "भांडले, एकाने सुरी मारली, दुसऱ्याने हातातली वीट त्याच्या डोक्यात घातली. दोघं एकाच खोलीत. मधे नुसता पडदा. रात्रभर पडद्यातून एकमेकांना शिव्या देत होते, आणि सकाळी दोघांनी एकच पेपर वाटून वाचला."

सगळे हसले.

"आधी कुणाला हात लावलास?" बाबांनी विचारलं.

"ज्याचं रक्त जास्त जात होतं त्याला. सुरीवाल्याला."

"म्हणजे ज्याने सुरुवात केली त्यालाच?"

"ते मला कसं कळणार? आणि कळलं तरी काय? जखमेवर लिहिलेलं नसतं."

"मी असतो तर त्याला शेवटी घेतलं असतं."

"तुम्ही खुर्च्या करता तेच बरं आहे मग," नर्सबुवा म्हणाला. भुंगी हसली, आई हसली. बाबाही हसले, पण त्यांनी काटा खाली ठेवला.

"एक विचारू? उद्या कुणी आमच्या भुंगीच्या जिवावर उठला, तर तू काय करशील?"

"बाबा, जेवू दे त्याला."

"आडवा येईन," तो म्हणाला.

"आणि तो थांबला नाही तर?"

"पुन्हा आडवा येईन. धरून ठेवीन. पण काका, खरं सांगायचं तर जीव घेणं बरोबर, असं मला कधीच म्हणता येणार नाही. कुणाचाही, कशासाठीही. मी माणसं मरताना बघतो. मेलेला माणूस गुन्हेगार दिसत नाही. नुसता मेलेला दिसतो."

भुंगीने डोळे मिटून घेतले. आईने उगाचच भाजीचं भांडं उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. आपण काहीतरी चुकीचं बोललो एवढं त्याला कळलं, पण काय ते कळेना.

बाबा मात्र खुलले. ही गोष्ट सांगायची संधी त्यांनी आजवर कधीच सोडली नव्हती.

"हिने तुला सांगितलं नाही वाटतं. ऐक. तू जिथे बसला आहेस ना, तिथून चार पावलांवर ताईने एक माणूस मारला. माझ्यासाठी."

*

बारक्याला ही गोष्ट तोंडपाठ होती. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, सगळं ठरलेलं होतं. तो सतरा वर्षांचा होता, ताई एकवीसची. त्यांच्या वडिलांच्या हाताखाली एक मिस्त्री होता, रेड्यासारखा दांडगा, माथेफिरू. करवतीच्या मशीनमध्ये स्वतःच्या निष्काळजीपणाने त्याने उजव्या हाताची तीन बोटं घालवली आणि घरी बसला. दीड महिन्याने तो कारखान्यात घुसला. घर वरच्या मजल्यावर, बारक्या एकटाच खाली होता. मिस्त्रीने त्याची मान कोपराच्या बेचक्यात पकडली आणि आवळली. ताई जिन्यावरून उतरली, ओरडली, त्याच्या पाठीवर बुक्के मारले. सोडेना. मग तिने टेबलावरचा लाकडी हातोडा उचलला.

"एकच घाव," बारक्या म्हणाला. "तीन महिने कोठडीत होती, दोन वर्षं केस चालली, आणि कोर्टाने मानाने सोडली. दुसऱ्याचा जीव वाचवायला केलेला वार, असं निकालात लिहिलंय. आता सांग नर्सबुवा. ते चूक होतं?"

दरवेळी गोष्ट इथवर येईपर्यंत ताई उठून गेलेली असायची. तिला आपलं कौतुक सोसत नाही, असं बारक्या सगळ्यांना सांगायचा. आज ती उठली नव्हती. तिने पावाचा तुकडा संपवला, हात पुसले.

"मला माहीत नव्हतं," नर्सबुवाचा चेहरा उतरला होता. "आत्या, मी असं बोलायला नको होतं."

"का नको?" ताई म्हणाली. "बरोबरच बोललास."

"ताई!" बारक्या म्हणाला.

"मुलगा बरोबर बोलतोय, बारक्या. मीही तेच म्हणते. फक्त मला कुणी विचारलं नाही."

बारक्याला ती थट्टा करते आहे असं वाटलं. मग वाटलं नाही. चव्वेचाळीस वर्षं जी जमीन पायाखाली होती ती त्याच्याच टेबलाखालून कुणीतरी ओढत होतं.

"म्हणजे मी मेलो असतो तर बरं झालं असतं?"

"असं कोण म्हणालं?"

"तूच म्हणतेस! चूक होतं म्हणजे दुसरं काय? हातोडा उचलायला नको होता, म्हणजे मी मरायला हवा होतो. दोनच वाटा होत्या."

"यांचं खरं आहे ताई," त्याची बायको म्हणाली. "तुम्ही तसं केलं नसतं तर मी कुणाच्या गळ्यात माळ घातली असती? ही पोर कुठून आली असती?"

"मी उद्या पुन्हा त्या जिन्यावर असले," ताई शांतपणे म्हणाली, "तर पुन्हा उतरेन आणि पुन्हा हातोडा उचलेन. याचे डोळे पांढरे झाले होते. पण करावं लागलं म्हणून ते बरोबर होत नाही. बरोबर म्हटलं की माणूस हात झटकून मोकळा होतो. मला मोकळं व्हायचं नव्हतं. त्या माणसाला दोन लहान मुली होत्या. त्यांच्या आईला मी काय सांगणार होते, तुझा नवरा मी बरोबर मारला?"

"त्या बाईचा काय संबंध?"

"मी तिच्याकडे जाते. महिन्यातून दोनदा. एकतीस वर्षं झाली."

*

आईला पुढचं सगळं दिसत होतं, आणि आपली पाळी येणार हेही. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हाच तिच्या एक लक्षात आलं होतं: या भावंडांच्या मधे काहीतरी न बोललेलं आहे. ताई दर पंधरा दिवसांनी गुरुवारी दुपारी कुठे जाते, हे तिने एकदा विचारलं होतं आणि ताईने सांगितलं होतं. तेव्हापासून दर थंडीला आई एक स्वेटर विणून ताईच्या पिशवीत टाकायची. कुणासाठी ते दोघींनी कधी बोलून दाखवलं नाही.

"तू शत्रूच्या घरी जातेस?" बाबांचा आवाज चढला होता. "आणि आम्हाला कुणालाच पत्ता नाही?"

"मला होता," आई म्हणाली.

बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं, की तिला हसूच आलं असतं, पण तिने आवरलं.

"तुलाही? आता तर ताईच्या विरुद्ध बोलत होतीस!"

"विरुद्ध नव्हते बोलत. तुम्ही जगलात याचा मला आनंद आहे, एवढंच म्हणत होते. त्या बाईला थंडी वाजू नये असंही मला वाटतं. दोन्ही वाटू शकतं माणसाला. अहो, तुम्ही एवढं रागावता कशाला?"

नर्सबुवाने पुन्हा पेले भरले. काहीतरी करायला हवं म्हणून.

ती गोष्ट भुंगीने शंभरदा ऐकली होती आणि दरवेळी तिला ताईआत्याचा अभिमान वाटला होता. आज पहिल्यांदा ती गोष्ट दुसऱ्याच्या कानांनी ऐकताना तिला मधे एक भोक दिसलं. भोकं तिला लगेच दिसायची.

"बाबा, तो आला कशाला?"

"कोण?"

"मिस्त्री. दीड महिन्याने. बोटं त्याच्या चुकीने गेली, तर तो तुमच्याकडे का आला? आजोबांवर का नाही धावून गेला?"

"सांगितलं ना, माथेफिरू होता."

"आत्या?"

"जाऊ दे, भुंगे," ताईआत्या पटकन म्हणाली. तिचा आवाज इतका वेळ शांत होता, तो आत्ता पहिल्यांदा हलला. "भाजी गार होतेय. वाढ बघू सगळ्यांना."

भुंगीने भाजी वाढली नाही. ती करवतीच्या मशीनकडे बघत होती. हे मशीन सुरू करण्याआधी मागे वळून बघायचं, मोठ्याने 'चालू!' ओरडायचं, समोरून उत्तर आल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. ती सहा वर्षांची असल्यापासून हा नियम तिला पाठ होता. बाबा एरवी मऊ माणूस, पण न ओरडता बटण दाबणाऱ्या एका जुन्या कामगाराला त्यांनी त्याच दुपारी कामावरून काढलं होतं.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "बटण कुणी दाबलं होतं?"

*

बारक्याला वाटलं, उत्तर द्यायला खूप वेळ लागेल. तसं झालं नाही. शब्द तयारच होते. आजवर कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

"मी," तो म्हणाला.

भुंगीने मशीनवरची नजर त्याच्याकडे वळवली.

"तो पात्यात अडकलेली ढलपी काढत होता. मी बघितलं नाही. मला बाहेर खेळायला जायचं होतं, शेवटच्या चार फळ्या राहिल्या होत्या. दाबलं. मग सगळ्यांनी विचारलं तेव्हा म्हणालो, तो स्वतःच चालू ठेवून साफ करत होता. वडिलांनी माझं ऐकलं. त्याला निष्काळजी म्हणून घरी बसवलं."

"आणि त्या दिवशी?" भुंगीने विचारलं.

"त्या दिवशी तो मारायला आला नव्हता. आधी नव्हता. तो म्हणाला, एकदा वडिलांसमोर खरं सांग, बास. मला दुसरीकडे काम मिळेना, सगळे म्हणतात याला मशीन सांभाळता येत नाही. मी म्हणालो, मी नाही दाबलं. तीनदा म्हणालो. तिसऱ्यांदा हसलो. घाबरलो की मला हसू यायचं. मग त्याने धरलं मला."

त्याने ताईकडे पाहिलं. "तुला कोठडीत भेटायला आलो तेव्हा सांगितलं. दुसऱ्या कुणाला नाही. ही माझी बहीण. दोन वर्षं कोर्टात उभी राहिली, आणि मला एका शब्दाने पुढे केलं नाही."

"वकील म्हणाला, विचारतील तेवढंच सांग," ताई म्हणाली. "कुणी विचारलं नाही. आणि तू सतरा वर्षांचा होतास, बारक्या."

"तेव्हा होतो. पुढे नव्हतो. मी पुढे म्हातारा होईपर्यंत तो माथेफिरू होता म्हणून सांगत राहिलो. तुझं बरोबर ठरवलं की माझं आपोआप झाकलं जायचं." त्याने तोंडावरून हात फिरवला. "तुला वाटायचं मी तुझं कौतुक करतोय."

"नाही," ताई म्हणाली. "मला तसं कधीच वाटलं नाही. म्हणून तर उठून जायचे."

आणि मग ती हसली. खरंच हसली. बारक्या आधी बघतच राहिला. डोळे भरून आले होते तरी त्यालाही हसू फुटलं, आणि या वेळी ते भीतीचं नव्हतं. बायकोने त्याच्या पाठीवर हात ठेवला. डुलणारी खुर्ची त्याच्याखाली डुलत होती.

"मला एक बोलायचं आहे," नर्सबुवा म्हणाला. "आडवा येईन म्हणालो, ते बोलायला सोपं होतं. मी त्या जिन्यावर असतो तर काय केलं असतं, मला माहीत नाही."

"कुणालाच नसतं," ताई म्हणाली. "पण तू तेच म्हणत राहा. घरात तसं म्हणणारा एक तरी माणूस असावा. नाहीतर पोरं हातोडे सहज उचलतील."

बारक्याने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि भुंगीपुढे ठेवला. "घेतेस ना अजून?"

"घेणार म्हणजे घेणारच. पण नवीन माणूस आला की मी त्याला सांगणार, 'चालू' का ओरडायचं ते. सगळं सांगणार."

त्याला ते झोंबलं. क्षणभर त्याला वाटलं नको म्हणावं.

"सांग," तो म्हणाला. "नाव माझंच घे." मग ताईकडे वळून म्हणाला, "ती बाई कुठे राहते?"

*

दोघं चार वाजता निघाली. स्वच्छ ऊन पडलं होतं, रस्त्यावर रविवारची गर्दी होती. शिंप्याचं दुकान बंद, सायकलवाल्याचं उघडं, एका दारात दोघी बायका खुर्च्या टाकून वाटाणे सोलत बसलेल्या. सवयीने त्याने खुर्च्यांकडे पाहिलं. आपल्या नव्हेत. ताई त्याच्या पुढे एक पाऊल चालत होती, लहानपणी शाळेत नेताना चालायची तशी.

"काय बोलू मी?"

"मला विचारू नकोस. मी पहिल्यांदा गेले तेव्हा काहीच बोलले नव्हते. जिन्यात तिच्या हातातलं रॉकेलचं डबडं घेतलं आणि वर नेऊन ठेवलं. पुढच्या खेपेला तिने आत घेतलं."

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. ताईने दाराला खांदा लावून ढकललं. दार खालच्या फरशीला घासत, करकरत उघडलं.

"आज गुरुवार नाही," आतून आवाज आला.

मिस्त्रीची बायको खिडकीशी बसून चष्म्याची काडी दोऱ्याने बांधत होती. अठ्ठ्याहत्तरीची, ताठ पाठीची, अंगात निळा स्वेटर. बारक्याने तो स्वेटर ओळखला. मागच्या वर्षी बायको टीव्हीसमोर बसून विणत होती तो. म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली, वरपासून खालपर्यंत.

"हा तो?"

"हा तो," ताई म्हणाली.

बारक्याला बसावंसं वाटेना. उभ्यानेच म्हणाला, "काकू, बटण मी दाबलं होतं. मिस्त्री खरं बोलत होते."

"माहीत आहे," ती म्हणाली. "बोटं गेली त्याच रात्री त्याने सांगितलं मला. मी तुझ्या बहिणीकडे कधी विषय काढला नाही. म्हटलं ज्याचं आहे त्याने आणून द्यावं. बराच वेळ लावलास."

"लावला. मला माफ..."

"ते मागू नकोस," ती पटकन म्हणाली. "मी देणार नाही, आणि मग तुला परत जिना उतरावा लागेल, उगाच. माझ्या माणसाने पोराची मान आवळली. ते वाईटच केलं त्याने, मी मुलींनाही तसंच सांगितलं. तू खोटं बोललास, ते वाईट. आणि हिने केलं ते..." तिने ताईकडे पाहिलं. "हिने एकदाही मला सांगितलं नाही की तिचं बरोबर होतं. एकतीस वर्षांत एकदाही नाही. म्हणून मी हे दार उघडत आले. बस आता. उंच माणूस असा उभा राहिला की खोलीत उजेड राहत नाही."

तो बसला. तिने चहा केला, तिघांसाठी, आणि साखर किती ते बारक्याला विचारलं. मिस्त्रीच्या दोन्ही मुलींची लग्नं झाली होती, एक शाळेत शिकवत होती, तिच्या शाळेत बाकं कुठली आहेत हे तिला ठाऊक होतं आणि ती मुद्दाम त्यांच्यावर जोरात बसते, असं म्हातारी म्हणाली. बारक्याला आधी थट्टा कळली नाही. कळली तेव्हा चहा नाकात गेला. ताईने त्याच्या पाठीवर थापटलं.

निघताना दार पुन्हा अडकलं. बारक्याने वाकून खालच्या कडेवरून बोट फिरवलं. लाकूड फुगून फरशीला टेकलं होतं, बिजागरीही सैल होती.

"किती दिवस असं आहे?"

"दिवस? वर्षं म्हण. घरात सुतार नाही ना."

त्याने बिजागरी अंगठ्याने दाबून पाहिली. मग उठला.

"उद्या रंधा घेऊन येतो. दार काढून तासायला लागेल. तासाभराचं काम."

"उद्या नको," म्हातारी म्हणाली. "उद्या मला दात काढायला जायचंय. परवा ये. आणि सकाळी ये, दुपारी मी झोपते."